कळ काढण्याचे शास्त्र

मूत्राशयाची तपासणी आता नळी न घालता, केवळ ध्वनिलहरींनी होते आणि तिचा काडीचाही त्रास नसतो, असे रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मला सांगितले, तेव्हा त्यांनी यंत्राची बाजू विचारात घेतली होती, मूत्राशयाची नव्हे.

या लहरी द्रवातून सुखाने पार होतात, वायूपाशी अडतात. म्हणून मूत्राशय तुडुंब भरून आतडी बाजूला सारावी लागतात. मी लिटरभर पाणी पिऊन बाकावर बसलो. बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत होता आणि पन्हळीचे पाणी खिडकीखालच्या पिंपात अशा आवाजाने पडत होते की, माझ्यासारखी चार वयस्क माणसे ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी एकाग्रतेने वाचत राहिली. काउंटरवरची मुलगी अधूनमधून साऱ्या दालनाला ऐकू जाईल असे विचारी, “काका, लागली का?” थोडी म्हटले की, “अजून पाणी प्या”, फार म्हटले की, “आत पेशंट आहे, जरा कळ काढा.” मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मावते म्हणतात, हा आकडा पागोळ्यांच्या आवाजात काढलेला नसावा.

आत डॉक्टरांनी पोटावर गार जेल थापून, नको तिथेच यंत्र दाबले आणि लांबी, रुंदी, उंची घेऊन त्यांच्या गुणाकाराला ०.५२ ने गुणले. मोजणीदाराने सातबारा हातात धरून जमीन मोजावी तसा हा प्रकार होता, फक्त हरकत घ्यायला भाऊबंद नव्हते. मग “आता जाऊन या” हे अमृतवचन ऐकू आले. परतल्यावर मागे किती उरले ते पाहिले: ५० मिलिलिटरच्या आत असेल तर ठीक, २०० च्या वर गेले तर चिंता. माझे बरेच उरले. फाजील ताणलेले मूत्राशय एका खेपेत रिकामे होत नाही, म्हणून पुन्हा जाऊन यावे लागले. म्हणजे कळ काढायला त्यांनीच लावायचे आणि शिल्लक माझ्या नावावर!

शेवटी युरोफ्लोमेट्री. यंत्राला जोडलेल्या नरसाळ्यात लघवी करायची, की वेगाचा आलेख निघतो. सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर वेग गेला तर उत्तम, १० च्या खाली राहिला तर वाटेत अडथळा किंवा स्नायू दुबळा. त्यासाठी निदान १५० मिलिलिटर तरी हवी, आणि मी नुकताच रिकामा झालेला. तेव्हा पुन्हा बाक, पुन्हा बाटली. आलेख बसका आणि लांबट निघाला. प्रोस्टेट वाढली आहे, तूर्त गोळीने भागेल, असे ठरले.

शेजारच्या तात्यांनी, रात्री आमच्या मागील दारचा दिवा किती वेळा लागतो हे पडवीतून पाहून, तेच निदान गणपतीतच केले होते आणि वर पानही खिलवले होते.