पिंट्याची सवारी

आमच्याकडं पिंट्या म्हणून कुत्रं आहे. गावठी, रंकाळ्याजवळ पावसात कुडकुडताना सापडलेलं, आता दोन वर्षांचं झालंय. तसं लई गुणी, हाक मारली की येतो, चपला खात नाही, कोल्हापुरी तर नुसती हुंगतो आणि मान देऊन बाजूला होतो. खोड फक्त एकच. बेल वाजून पाहुणा आत आला की हा पठ्ठ्या त्याच्या पायाला मिठी मारतो आणि सुरू.

काय सुरू, हे सांगायचीच पंचाईत. कोल्हापुरात शिव्यांचा कधी तुटवडा नव्हता, जिवलग दोस्ताला नुसत्या नावानं हाक मारली तर तो विचारतो काय चुकलं का भावा, पण या गोष्टीला आज्जीसमोर म्हणता येईल असा एक साधा शब्द मिळंना. पप्पा म्हणायचे 'ते', आई म्हणायची 'त्याचं ते'. शेवटी आबाकाकांनी सोय केली. ते जुने पैलवान, खासबागेच्या मातीत खेळलेले. पिंट्या लोडावर चढलेला बघून म्हणाले, "सवारी भरतोय की रं! पण पकड ढिली हाय." झालं, कुस्तीतल्या डावाचं नाव, पण त्या दिवसापासनं घरात सवारी हाच शब्द.

कडेलोट झाला तो वहिनीचे वडील जेवायला आले त्या रविवारी. पांढरंशुभ्र धोतर, हातात पांढऱ्या रश्श्याची वाटी, आणि पिंट्यानं डावा पाय धरला. मग आई ए ए ए करून ओरडायला लागली, मी मागनं ओढतोय, पप्पांनी काय सुचलं कुणास ठाऊक टीव्हीचा आवाज वाढवला, आज्जी पदर तोंडाला लावून हसतीय आणि आबाकाका "सोडू नगंस!" म्हणून चेव देतायत. रस्सा धोतरावर सांडला. पांढऱ्यावर पांढरा म्हणून दिसला नाही, एवढीच देवाची कृपा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठले. म्हटलं, "डॉक्टर, आमचा कुत्रा पाहुण्यांना ते..." ते म्हणाले, "माउंटिंग?" एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. पण त्याची नसबंदी तर वर्षापूर्वीच झालीय, मग? तर म्हणे त्यानं कमी होतं बऱ्याचदा, जाईलच असं नाही. माद्यासुद्धा करतात, काही आठवड्यांची पिल्लं खेळता खेळता करतात. दर वेळी त्यात 'तसलं' काही नसतं, अंगात आलेला उत्साह नाहीतर ताण कुठंतरी बाहेर पडतो. बेल, नवा माणूस, मटणाचा वास, सगळं एकदम आल्यावर बिचाऱ्याला झेपत नाही. लघवीचं इन्फेक्शन किंवा खाज असली तरी करतात, म्हणून तेही तपासलं, काही निघालं नाही.

आबाकाकांचं मत होतं की तो घरावर वर्चस्व गाजवतोय, एक ठेवून द्या. डॉक्टर म्हणाले, अजिबात मारायचं नाही, भीतीनं ताण वाढतो आणि खोड पण. मग त्यांनी मलाच विचारलं, त्यानं असं केल्यावर तुम्ही काय करता? मी सगळं सांगितलं, कॉमेंट्रीसकट. ते बराच वेळ हसले. म्हणाले, एरवी कोण बघत नाही आणि पाय धरला की अख्खं घर भोवती गोळा होतंय, तर तो का सोडेल?

म्हणजे ट्रेनिंग आम्हालाच. पाहुणे यायच्या आधी पिंट्याला दमवून आणायचं, हुंगत हुंगत निवांत फिरू द्यायचं. बेल वाजली की पट्टा हातात. तो धापा टाकत पायाभोवती घुटमळायला लागला की चढायच्या आधीच हाक मारायची, चटईवर बसवायचं, बसला की खाऊ आणि चघळायला काहीतरी. चढलाच तर ओरडायचं नाही, हसायचं नाही, गुपचूप बाजूला न्यायचं. पिंट्या तीन-चार आठवड्यांत बराच शिकला. आज्जीचं हसू थांबवायला जास्त वेळ लागला, आणि आबाकाकांना तर प्रत्येक वेळी आतल्या खोलीत पाठवावं लागायचं.

गेल्या रविवारी वहिनीचे वडील परत आले, या वेळी पॅन्ट घालून. पिंट्या चटईवर पडून निवांत चघळत होता. जेवण अर्ध्यावर आलं, सगळं शांत, आणि आज्जी जरा नाराजीनंच म्हणाली, "आज सवारी न्हाय व्हय?"

"कुणाची सवारी?" पाहुण्यांनी विचारलं.

पप्पांचा हात रिमोटकडं गेला. आई ताडकन उठली. "मी रस्सा आणतो," म्हणाली आणि भरलेली वाटी घेऊन आत गेली.