‘यात डिझाइन कसलं?’ म्हणणाऱ्या महाशयांना

महाशय,

सच्छिद्र सेंद्रिय पॉलिमरांवरच्या (कार्बनी रेणू जोडून केलेल्या, सूक्ष्म छिद्रांच्या जाळ्यांवरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘दोन पावडरी एकत्र करायच्या, छिद्रं पडली तर पडली. याला डिझाइन म्हणणं म्हणजे स्वतःची पाठ थोपटणं.’ वर ‘लेखकाने कधी प्रयोगशाळेत पाऊल तरी ठेवलंय का?’ अशी पृच्छा. टोपणनावाआडून असं विचारायला काही लागत नाही. हेच सरळ विचारलं असतंत तर उत्तरही सरळ मिळालं असतं.

पाऊल ठेवलंय. उमेदीची वर्षं तिथेच गेली. काचेची नळी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, पंपाने हवा ओढा, वितळू द्या, पुन्हा गोठवा. मग ज्योतीवर तोंड बंद करून 120 अंशांवर तीन दिवस ओव्हनमध्ये. टीपीपीए-1 या अशाच एका सच्छिद्र पॉलिमरची लाल भुकटी नखांत बसली की साबणाला दाद देत नाही. हे पुस्तकात वाचलेलं नाही!

आता तुमच्या ‘पडली तर पडली’विषयी. हा टीपीपीए-1 पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) राहुल बॅनर्जी यांच्या गटाने केला, 2012 साली छापून आला. पावडरी दोन: तीन हातांचं अल्डिहाइड (हातांच्या टोकांना कार्बन-ऑक्सिजनचे गट असलेला रेणू) आणि दोन टोकांचं सरळ डायअमिन (दोन्ही टोकांना नायट्रोजन असलेला). जोडले की षटकोनी जाळी. इतपत भूमिती तुम्हालाही जमेल. खरी मेख अल्डिहाइडशेजारच्या हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या) गटांत आहे. दोन रेणूंना जोडणारा कार्बन-नायट्रोजनचा इमाइन बंध आधी जुळतो-सुटतो, चुकीचा जुळलेला पुन्हा नीट बसतो, म्हणून जाळी स्फटिकी होते. मग हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन नायट्रोजनकडे सरकतो, रेणू कीटो नावाच्या पक्क्या रूपात जातो आणि तिथून मागे फिरत नाही. म्हणूनच तो उकळत्या पाण्यात आणि 9 नॉर्मल इतक्या तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लातही टिकतो. 2005 चा बोरॉनवाला सीओएफ-5, याच जातीचा आधीचा पदार्थ, साध्या पाण्यापुढे हात टेकतो. आता टीपीपीए-1 साठी हायड्रॉक्सिल नसलेलं अल्डिहाइड घ्या. पावडरी दोनच, जाळीही तशीच. पण बंधाला कुलूप लागत नाही. ते गट काय वाट चुकून तिथे आले?

खलात घोटून हाच पदार्थ करता येतो, पण त्यात पृष्ठभागाचं क्षेत्रफळ बरंच कमी मिळतं, हे तुमचं बरोबर. लेखात ते यायला हवं होतं. घ्या, मान्य केलं.

खर्च, ‘बाजारात काय आलं’, ‘अनुदानं लाटणारे’ वगैरेवर बोलण्यात मला रस नाही. यापुढे नावानिशी लिहा. नाहीतर तुमची प्रतिक्रिया मॉडरेशनमध्येच पडून राहील.