फवारा मारून इंजिन धावलं, मग उघडायचं कशाला?

तुमचा आक्षेप थोडक्यात असा : ट्राय-अँग कंपनीचं जिंटी हे मॉडेल रेल्वेचं छोटं इंजिन कित्येक वर्षं माळ्यावर पडून होतं, तुम्ही खालून डब्ल्यूडी-४० (गंज-चिकटा सोडवणारा फवारा) मारलं, १२ व्होल्ट दिले आणि ते धावलं. मग मी सांगितलेला मोटर उघडून साफ करण्याचा खटाटोप कशासाठी, सगळं खोलायचं कशाला?

ते धावलं असणारच. फवाऱ्यातल्या द्रावकाने चिकट झालेलं जुनं तेल सुटतं. पण सुटलेलं तेल जातं कुठे, हा खरा प्रश्न. त्यातली एक्स-०४ मोटर उघडी आहे, त्यामुळे ते थेट कॉम्युटेटरवर, म्हणजे फिरत्या गुंडाळीला वीज पोचवणाऱ्या भागावर, येतं. तिथे तांब्याचे तीन तुकडे आणि त्यांच्यामध्ये तीन बारीक फटी असतात. त्यावर टेकून वीज देणाऱ्या ब्रशची कार्बन-भुकटी तेलात कालवली गेली की त्या फटींत काळा लगदा बसतो आणि करंट एका तुकड्यातून दुसऱ्यात झिरपतो. मोटर मंदावते, तापते, आणि तशीच रेटली तर गुंडाळीवरचं लाखेचं आवरण जळतं. द्रावक उडून गेल्यावर उरणारा पातळ थर वर्मचा (मोटरच्या दांड्यावरच्या स्क्रूसारख्या गिअरचा) दाब सोसायला पुरत नाही, ते वेगळंच.

म्हणून आता ते इंजिन चालवू नका. बॉडी काढा. ब्रशच्या स्प्रिंगच्या एका पायावर इन्सुलेशनची छोटी नळी असते. ती कोणत्या बाजूला आहे याचा आधी फोटो काढा. ती हरवली किंवा चुकीच्या बाजूला गेली तर थेट शॉर्ट होतो. मग ब्रश काढा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा कॉम्युटेटरला लावून आर्मेचर (मोटरचा गुंडाळीसह फिरणारा भाग) बोटाने फिरवत राहा, बोळा पांढरा निघेपर्यंत. फटी लाकडी टूथपिकने कोरा. पॉलिश पेपर नको, सुईही नको. अ‍ॅसिटोन तर जवळही आणू नका, प्लास्टिक विरघळतं.

चाकं हाताने फिरत नाहीत म्हणून जोर लावू नका. वर्म चाकांना फिरवतो, पण चाकं वर्मला फिरवू शकत नाहीत, ती त्याची रचनाच आहे. जोराने फक्त गिअरचे दात जातात.

सगळं खोलू नये, हे तुमचं म्हणणं मात्र अगदी बरोबर. आर्मेचर जागेवरच राहू द्या. चुंबकाच्या मधून ते काढलं आणि जागी लोखंडी तुकडा ठेवला नाही, तर चुंबक कमजोर होतो.

तेलाचं म्हणाल तर शिलाई मशीनचं तेल बेअरिंगना चालेल. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं. सुईच्या टोकावर मावेल तेवढा थेंब दोन्ही बेअरिंगना आणि आसांच्या टोकांना. नमद्याची चकती असेल तर तिला दोन थेंब. वर्मवर प्लास्टिकला चालणारं ग्रीस, अर्ध्या तांदळाएवढं. कॉम्युटेटर, ब्रश आणि चाकांची धाव कोरडीच हवी.

मग इंजिन उलटं धरून ६ व्होल्टवर दोन्ही दिशांना दहा-दहा मिनिटं चालवा, सोबत करंट मोजणारा अ‍ॅमीटर जोडा. निकोप मोटर मोकळी फिरताना साधारण अर्ध्या अँपिअरच्या आत राहते. आकडा १ कडे सरकला तर आधी फटी पुन्हा तपासा, मग ब्रशचा दाब, मग मोटर काढून चाकं मोकळी फिरतात का ते. तिन्ही ठीक असूनही आकडा उतरत नसेल, तर चुंबक पुन्हा चार्ज करून घ्यावा लागेल.