परदेशातून : पाडस उचलण्याआधी

जुलै २०२५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची माधुरी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा या प्राणी-केंद्रात गेली. तेव्हा कोल्हापूर पेटलं होतं आणि इकडे आमच्या बीडकर नातेवाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही. कुणी मठाची श्रद्धा आणि तीन दशकांचा लळा सांगत होतं, कुणी तिच्या पायांचं दुखणं आणि एकटेपण. नैरोबीत बसून मी सगळं वाचत होतो. तळमळ दोन्हीकडची खरी होती. पण वाद एवढाच होता की तिला ठेवायचं कुठे. एवढी वर्षं माणसात काढलेली हत्तीण आता रानात जगणार नाही, हे मान्य. मात्र कळपापासून तुटलेलं लहान पिल्लू परत कळपात जाऊ शकतं, आणि त्याबद्दल मराठीत फारशी चर्चा झालेली मला तरी दिसली नाही.

इथे नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला शेल्ड्रिक ट्रस्टचं अनाथ हत्तींचं केंद्र आहे. ट्रस्ट १९७७ चा, पण तो उभारणाऱ्या डॅफ्नी शेल्ड्रिक यांची धडपड त्याच्याही आधीची. हत्तीच्या तान्ह्या पिल्लाला गाईचं दूध पचत नाही. पिल्लं हगवणीने मरत. बऱ्याच खटपटीनंतर नारळाच्या तेलाचं मिश्रण लागू पडलं आणि १९७४ मध्ये आयशा नावाचं तान्हं पिल्लू त्यावर तगलं. पुढे लेकीच्या लग्नासाठी डॅफ्नीबाई थोडे दिवस बाहेर गेल्या, तर आयशाने खाणंपिणं सोडलं आणि ती गेली. तिचा जीव एकाच माणसात गुंतला होता. तेव्हापासून इथला दंडक असा की पिल्लाला एकाच माणसाची सवय लावायची नाही. राखणदार रात्री पिल्लांच्या गोठ्यातच झोपतात, पण पाळीपाळीने. दर तीन तासांनी बाटली. अगदी लहान पिल्लासाठी घोंगडी टांगतात. तिला आईचं पोट समजून ते सोंड टेकवतं आणि दूध पितं. माया भरपूर करायची, पण ती सुटेल अशा बेताने करायची, हे मला सगळ्यात अवघड वाटतं.

दोन-तीन वर्षांची झाली की पिल्लं त्सावोच्या रानात वोई किंवा इथुम्बाला जातात. तिथे रानातले कळप पाण्यावर येतात, ओळख होते. पिल्लू चार दिवस कळपाबरोबर जातं, परत येतं, पुन्हा जातं. कायमचं जायला आठ-दहा वर्षंही लागतात. कधी जायचं ते हत्ती ठरवतो. यातल्या कितीतरी हत्तिणी पुढे रानात व्यायल्या आणि आपलं पिल्लू दाखवायला यावं तशा राखणदारांकडे येऊन गेल्या.

आपल्याकडेही हे होतं, फक्त आपल्याला ठाऊक नसतं. आसामात काझीरंगाजवळच्या केंद्रात वाढवलेली हत्तीची पिल्लं मानसच्या जंगलात सोडली गेली आहेत.

केनिया म्हणजे स्वर्ग नव्हे. इथला शेतकरीही रातोरात मका तुडवणाऱ्या हत्तीला शिव्याच घालतो, आणि भरपाईसाठी वर्षानुवर्षं वाट बघतो. २०२२ च्या दुष्काळात नऊ महिन्यांत २०५ हत्ती मेले; माणसांची गुरं किती गेली त्याला तर गणतीच नाही. लातूरला रेल्वेने पाणी आलेलं पाहिलेल्या माणसाला इथला दुष्काळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच मला साम्बुरू भागातलं अनाथ हत्तींचं रेतेती केंद्र फार मोलाचं वाटतं. २०१६ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र तिथल्या लोकांच्याच मालकीचं आहे, आणि पिल्लांसाठी शेळीचं दूध आसपासच्या बायका विकतात. हत्ती जगला तर त्या बाईच्या हातात चार पैसे पडतात. उस्मानाबादी शेळी ज्यांच्या दारात आहे त्यांना यातलं मर्म लगेच कळेल.

मराठवाड्यात हत्ती नाहीत. पण अनाथ पिल्लाचा प्रश्न दर हंगामात शेतात उभा राहतो. परवाच पुतण्याने व्हिडिओ पाठवला: "काका, हरणाचं पाडस सापडलं, बघा कसं बाटलीनं दूध पितंय." लेकरू गुणी आहे, त्याने दयेनेच उचललं. पण काळविटाची मादी पाडसाला गवतात दडवून चरायला जाते. ते निपचित पडून राहतं, कारण त्यातच त्याचा बचाव असतो. आपल्याला वाटतं, टाकलं बिचाऱ्याला. आई परत येते तेव्हा जागा रिकामी असते. आईवेगळं ते आपल्या हातूनच होतं, आणि माणसाळलेलं पाडस पुढे कुत्र्यांच्या तोंडी जातं.

जुन्नरच्या उसात बिबट्याची बछडी सापडतात, तीही बहुधा आमच्या बीडच्याच ऊसतोड कामगारांना. तिथे ती बछडी तपासून, क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच फडात ठेवतात. रात्री मादी येते आणि मानेला धरून एकेक घेऊन जाते. मादी पिल्लासाठी पिसाळून गावात शिरत नाही, म्हणजे हे कोयत्याच्या माणसाच्याही भल्याचंच. २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली आणि शेवटी करमाळ्यात त्याला गोळी घालावी लागली. ज्या घरचं माणूस गेलं त्यांच्यासमोर वन्यजीवांवर प्रवचन करायला माझी जीभ रेटणार नाही. त्यांना भरपाई वेळेत मिळाली पाहिजे आणि रात्रीचं पाणी धरायची वेळच येऊ नये म्हणून दिवसा वीज मिळाली पाहिजे. हे झालं तरच बछडं वाचवा असं त्यांना सांगता येईल.

शिरूर कासारजवळ तागडगावला सर्पराज्ञीसारखं केंद्र जखमी प्राण्यांवर उपचार करून त्यांना परत सोडतं. असं एक तरी केंद्र मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्यात हवं, सरकारी पैशाने आणि कायम नेमलेल्या पशुवैद्यासह. आणि शेळीचं दूध लागलं तर ते गावातल्या बायकांकडूनच घ्यावं.

पुतण्याला मी लगेच फोन केला. जिथून उचललं तिथेच आधी नेऊन ठेव, लांब उभा राहा, कुत्री येऊ देऊ नकोस, आणि वनविभागाच्या १९२६ वर कळव.