शारदेच्या भूमिकेत नटी नव्हतीच

‘विजयानंदचं शापित रहस्य’ या मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. मी तो दोनदा न वाचताच पुसला होता. पण परवा माझी भाची शाळेचा प्रकल्प दाखवायला आली, आणि वहीत तोच मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवलेला, खाली कलेक्टर जॅक्सनचं चित्र. आता गप्प बसणं शक्य नाही.

मजकुरातला सगळ्यात संतापजनक दावा आधी घेतो. म्हणे क्रांतिकारक अनंत कान्हेरे ‘शारदा’ नाटकातल्या नटीच्या प्रेमात होते, नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनची तिच्यावर नजर होती, आणि त्या मत्सरातून 21 डिसेंबर 1909 च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात कान्हेऱ्यांनी जॅक्सनला गोळ्या घालून ठार केलं.

कोणती नटी? त्या रात्रीचं नाटक होतं देवलांचं ‘संगीत शारदा’ आणि कंपनी किर्लोस्कर नाटक मंडळी. तिथे स्त्रीभूमिका पुरुषच करत. बालगंधर्व 1905 साली याच कंपनीत आले आणि 1913 पर्यंत तिथेच होते. नऊवारी, अंबाडा, नथ, सगळं पुरुषांच्या अंगावर. ज्याने हे लिहिलं त्याला मराठी रंगभूमीची बाराखडीसुद्धा ठाऊक नाही, आणि तो आपल्याला नाशिकच्या नाट्यगृहाचा इतिहास सांगतोय.

बरं, हा नुसता अडाणीपणा असता तर सोडून दिलं असतं. पण यात अठरा वर्षांच्या मुलाच्या बलिदानाचं फुटकळ प्रेमप्रकरण करून टाकलंय. ब्रिटिश सरकारनेसुद्धा असं कधी म्हटलं नाही! रौलट यांच्या अध्यक्षतेखालच्या राजद्रोह समितीचा 1918 चा अहवाल उघडा. क्रांतिकारकांबद्दल त्यात सहानुभूतीचा लवलेशही नाही. तरी जॅक्सनवधाची नोंद तिथे नाशिकच्या कटाचा भाग म्हणूनच आहे. लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून आली, हेही त्यातच आहे, आणि कान्हेऱ्यांच्या हातातलं पिस्तूल त्यांपैकीच होतं. नाशिक कटाच्या खटल्यात अडतीस जणांना उभं केलं, सत्तावीस दोषी ठरले. प्रेमभंगाच्या खुनात सत्तावीस माणसं दोषी ठरतात का?

कारणही लपलेलं नव्हतं. त्याच वर्षी जूनमध्ये बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, आणि त्यांच्यावर खटला भरला होता जॅक्सननेच. त्याची बदली झाली, निरोपादाखल नाटक ठरलं, तेव्हा आता नाही तर कधीच नाही असं झालं. कान्हेरे चुकले तर विनायक देशपांडे, त्यांच्यानंतर कृष्णाजी कर्वे, अशी तयारी होती. तिघेही 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. मजकुरात ‘नाशिक जेल’ लिहिलंय, तेही चूकच.

‘नाटक ऐन रंगात असताना गोळी सुटली, शारदेच्या शालूवर रक्त उडालं’ हे वाक्य वाचायला झणझणीत आहे खरं. पण जॅक्सन आत येऊन आपल्या खुर्चीकडे जात असतानाच गोळ्या झाडल्या गेल्या. पडदा वर जायचा होता. शालू आणि रक्त या लेखकाच्या डोक्यातलं.

एक मात्र अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. जॅक्सन विद्वान होता. संस्कृत जाणत होता, लोक त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत, आणि त्याने गोळा केलेलं लोककथांचं साहित्य मृत्यूनंतर छापलं गेलं. म्हणून बाबारावांची शिक्षा न्याय्य ठरत नाही. विद्वत्ता आणि सत्ता एकाच माणसात नांदू शकतात, इतकंच.

मजकुरातला आणखी एक दावा: फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ सिनेमाचा पहिला जाहीर खेळ विजयानंदला झाला. नाही. 3 मे 1913, कॉरोनेशन सिनेमा, गिरगाव, मुंबई. फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे, पण कंपनी घेऊन नाशिकला आले ते त्यानंतर.

शेवटी मजकूर म्हणतो की त्या शापामुळे विजयानंदचं सिनेमागृह झालं, नाशिकला नाटक रुजलंच नाही, म्हणून कालिदास कलामंदिर या नाशिकच्या नाट्यगृहावर खर्च म्हणजे पैसा पाण्यात. विजयानंदमध्ये पुढे सिनेमे लागले हे खरं, पण बोलपट आल्यावर गावोगावच्या नाटकगृहांचं हेच झालं. त्या सगळ्यांना कोणाचा शाप होता? आणि रुजलं नाही म्हणजे काय? शिरवाडकर इथेच राहिले. वसंत कानेटकर एचपीटी कॉलेजात शिकवत होते. 1840 सालच्या सार्वजनिक वाचनालयाचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे, तिथे राज्य नाट्य स्पर्धेची नाशिक केंद्राची प्राथमिक फेरी होते. तिथे एकदा मागच्या रांगेत बसून बघा. दिवसभर कारखान्यात किंवा बँकेत राबलेली माणसं रात्री आठला तोंडाला रंग लावून उभी असतात, विंगेत कोणीतरी पुढच्या प्रवेशाचा कंदील हातात धरून वाट बघत असतं, आणि तिसरी घंटा झाली की खुर्च्यांचा खडखडाट थांबतो.

कालिदासचं नूतनीकरण स्मार्ट सिटीच्या पैशातून झालं आणि 2018 मध्ये ते पुन्हा उघडलं. त्यानंतर भाडं वाढलं, हौशी संस्थांनी आवाज उठवला, आणि ती तक्रार रास्त आहे. हौशी मंडळी तिकिटं विकून भाडं काढू शकत नाहीत. ज्यांना या खर्चाची खरोखर काळजी आहे त्यांनी हा प्रश्न लावून धरावा: हौशी नाटकांसाठी वेगळा, परवडणारा दर आणि तालमीसाठी सवलतीच्या वेळा. मी सही करायला तयार आहे. आणि तो मजकूर तुमच्या ग्रुपवर आलाच, तर पुढे ढकलण्याआधी पाठवणाऱ्याला एवढंच विचारा की त्या नटीचं नाव काय.