बादलीतला तांबडा साका

नळाच्या पाण्याला तांबडा साका का येतो? तिसरा प्लंबर, तिसरं उत्तर! एक म्हणाला टाकी धुवा, दुसरा म्हणाला नळ बदला, तिसरा ‘बोअरचं पाणी असंच असतं’ म्हणून मोकळा. पाणी मात्र कुणीच बघत नाही! अहो, पांढऱ्या बादलीत भरून तासभर ठेवा ना. नळातूनच तांबडं आलं तर बहुधा जुने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप गंजलेत. स्वच्छ येऊन मग पिवळं पडलं तर पाण्यात लोह विरघळलंय, हवा लागली की ते गंजासारखं होतं. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की कपड्यांवर डाग पडायला लागतात. आणि कृपा करून ब्लीच सुचवू नका! त्याने हे डाग आणखी पक्के होतात. लेकीचा शाळेचा पांढरा शर्ट तसाच गेला. या वर्षातला दुसरा.