चेक सोशल डेमोक्रॅट म्हणजे पाटी बदललेले कम्युनिस्ट? कायपण!

शाळेच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय. चेक रिपब्लिकचे सोशल डेमोक्रॅट म्हणजे जुने कम्युनिस्टच, 1989ला कम्युनिस्ट राजवट पडल्यावर फक्त पाटी बदलली, मग कायम कम्युनिस्टांच्या मांडीला मांडी लावून बसले, आणि शेवटी लोकांना समाजवादाचा वीट आला म्हणून 2021ला संसदेतून हाकलले गेले. ह्यातलं हाकलले गेले एवढंच खरंय.

आधी पाटीचं बघू. हा पक्ष 1878चा, ऑस्ट्रियाचं साम्राज्य होतं तेव्हाचा. कम्युनिस्ट पार्टी आली 1921ला आणि तीही ह्यांच्यातूनच फुटून, म्हणजे हे बापाला लेकाचं आडनाव लावण्यासारखं झालं. प्रागमधे हिबेर्न्स्का रस्त्यावर ह्यांचं ऑफिस, लिदोवी दूम, म्हणजे लोकांचं घर. 1912च्या जानेवारीत लेनिनने बोल्शेविकांची परिषद भरवली ती ह्याच इमारतीत, जागा दिली सोशल डेमोक्रॅटांनी. डिसेंबर 1920ला पक्षातल्याच डाव्या गटाने इमारत सोडायला नकार दिला, पोलीस घुसले, संप पेटला. मग 1948ला कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि जूनमधे फिअरलिंगरसारख्या आतल्याच माणसांना हाताशी धरून अख्खा पक्ष गिळला, आणि त्या इमारतीचं केलं काय तर लेनिन म्युझियम! ज्यांना हे विलीनीकरण पटलं नाही ते परदेशात गेले किंवा तुरुंगात, 1950ला कम्युनिस्टांनी विरोधकांवर चालवलेल्या मिलाडा होराकोव्हाच्या खटल्यात आरोपींमधे सोशल डेमोक्रॅटपण होते. 1990ला पुन्हा उभ्या राहिलेल्या पक्षाचा अध्यक्ष झालेला यिरी होराक अमेरिकेतल्या निर्वासनातून परत आलेला. आणि खरे जुने कम्युनिस्ट? ते तिथेच होते की, नावात 'कम्युनिस्ट' तसंच ठेवून. पाटी बदलली ती पोलंड-हंगेरीत, तिथल्या पक्षांबद्दल हा फॉरवर्ड असता तर मी काही बोललो नसतो.

मांडीला मांडी म्हणाल तर 1995ला बोहुमीन गावातल्या अधिवेशनात ह्यांनी ठरावच केला की देशपातळीवर कम्युनिस्टांशी सोयरीक नाही. 1998ला ह्यांच्या झेमानचं अल्पमतातलं सरकार आलं ते कुणाच्या जिवावर, तर उजव्या पक्षाच्या क्लाउसच्या! 'विरोधी पक्ष करार' असं नाव होतं त्याला, आणि ती सेटिंग लोकांना आजही खुपते, टीका करायचीच तर त्यावर करा ना. कम्युनिस्टांचा टेकू मात्र 2018ला खरंच लागला, अब्जाधीश उद्योगपती बाबिशच्या सरकारला, ज्यात हे धाकटे भागीदार होते. ते मी नाकारत नाही.

आता समाजवादाचा वीट. 2008ला उजव्या सरकारने डॉक्टरकडे गेलं की 30 क्राउन फी लावली, रक्कम चहापाण्याची पण म्हाताऱ्यांना दरवेळी खिशात हात घालावा लागायचा. त्याच वर्षी प्रांतांच्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटांनी प्राग सोडून सगळे 13 प्रांत जिंकले, वीट आलेले लोक असं मत देतात का? पुढे ती फी त्यांनीच काढलीही. 2013ला 20 टक्क्यांच्या वर असलेला पक्ष 2017ला 7 टक्क्यांवर आला कारण मतदार बाबिशकडे गेला, तो पेन्शन वाढवतो म्हणत होता, म्हणजे मागणी तीच फक्त दुकान बदललं. मग त्याच्याच सरकारात बसले, काम ह्यांच्या मंत्र्यांनी केलं तरी श्रेय त्याचं, आणि 2021ला संसदेत जायला लागणारी 5 टक्के मतांची अट हुकली, 4.65. वर स्वतःच्याच वकिलाच्या फीचा खटला, तोही ह्याच लिदोवी दूमच्या मालकीच्या केसवरून, 30 कोटी क्राउनच्या वर गेला. अशा पक्षाला बुडवायला विरोधक कशाला हवेत.

गंमत म्हणजे फॉरवर्डवाल्याला खरा मुद्दा सापडलाच नाही. 2025ला हे लोक कम्युनिस्टांच्या 'स्ताचिलो' यादीवर, म्हणजे 'पुरे झालं'वर, उभे राहिले आणि यादी 4.3 टक्क्यांवर अडकली, एकही सीट नाही. बोहुमीनचा ठराव गेला आणि संसदही हुकली. हे लिहिलं असतंस तर मी गप्प बसलो असतो रे.